देशी खरे, पण कुठे?

इराणी कबाबावर किंवा लेबनानी कोशिंबिरीवर भुरभुरलेली किरमिजी, आंबटसर पूड आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या किराणा दुकानांतही छोट्या बाटल्यांतून मिळू लागली आहे. तिचे नाव सुमाक. भूमध्य समुद्राच्या आसपास आणि पश्चिम आशियात वाढणाऱ्या एका झुडपाची फळे वाळवून, भरडून ती करतात. या झुडपाचे सख्खे भाऊबंद उत्तर अमेरिकेत रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बांधावर, पडक्या शेतात, कुणी न लावता उगवलेले असतात. शरद ऋतूत त्यांची पाने लालभडक होतात, पर्यटक गाड्या थांबवून छायाचित्रे काढतात, आणि त्याच रस्त्यावरचा पशुपालक त्याच झुडपाकडे पाहून कपाळाला आठ्या घालतो. हे झुडूप पूर्णपणे देशी आहे, बाहेरून आलेले नाही. तरीही ते उपकारक की उपद्रवी, हा वाद अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. या वादातून महाराष्ट्रातल्या टेकड्यांवर खड्डे खणणाऱ्यांना बरेच शिकण्यासारखे आहे.

आधी थोडी ओळख. सुमाकचे कुळ आपल्या घरातलेच आहे. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा हे सारे त्याच कुळातले. या कुळाच्या काही सभासदांच्या चिकात त्वचा भाजून काढणारे तेलकट द्रव्य असते. आंब्याच्या चिकाने ओठ उतणे, बिब्ब्याने कातडीवर फोड येणे हा त्याचाच प्रताप. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर-मनगटावर पुरळ उठू लागले, तेव्हा डॉक्टर चक्रावले होते; शेवटी धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने घातलेली खूण त्यामागे असल्याचे निघाले. अमेरिकेत ‘विषारी सुमाक’ म्हणून एक झुडूप आहे, तेही असेच त्रासदायक. पण ते दलदलीत वाढते, त्याची फळे पांढरट आणि लोंबणारी असतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला केव्हाच वेगळ्या प्रजातीत टाकले आहे. खऱ्या सुमाकची फळे तांबडी, मखमली लव असलेली, आणि फांदीच्या टोकाला उभ्या झुबक्यात धरलेली असतात. ती थंड पाण्यात भिजवून केलेले आंबट सरबत अमेरिकेचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या पीत आले. पाणी गरम घेतले तर टॅनिन उतरून सरबत तुरट होते, हेही त्यांना ठाऊक होते.

हा तुरटपणाच एकेकाळी सुमाकची खरी किंमत होती. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरते आणि कुजणारे कातडे टिकाऊ चामडे होते. आपल्याकडे हे काम हिरडा, तरवडाची साल आणि बाभळीची साल करीत आली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबे आजही बाळहिरडा वेचून वाळवतात. युरोपात त्या जागी सिसिलीचे सुमाक होते. त्याने कमावलेले चामडे फिकट रंगाचे, मऊ आणि दीर्घायुषी होते. ग्रंथालयांतील पुस्तकांच्या चामडी बांधण्या भुकटी होऊन का गळतात, याचा शोध घ्यायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक समिती नेमली गेली होती. तिनेही सुमाकने कमावलेल्या चामड्याच्या बाजूने कौल दिला. व्हर्जिनियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी सुमाकची पाने दळण्याच्या गिरण्या होत्या. गरीब कुटुंबे उन्हाळ्यात, पाने लाल होण्याआधी, रानातून डहाळ्या तोडून आणत, सावलीत वाळवत आणि गिरणीवर वजनावर विकत.

मग १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक परकी बुरशी दिसली. पुढच्या चार-पाच दशकांत तिने अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट मारले. चेस्टनटचे लाकूड हा अमेरिकेचा टॅनिनचा मोठा घरचा साठा होता. मेलेली झाडे तोडून काही काळ भागले. उरलेली गरज अर्जेंटिना आणि पॅराग्वेतून येणाऱ्या केब्राचो लाकडाच्या अर्कावर भागवली जाऊ लागली. महायुद्ध आले आणि समुद्रमार्ग असुरक्षित झाले. सैनिकाच्या बुटापासून यंत्राच्या पट्ट्यापर्यंत चामडे लागते, तेव्हा कृषी खात्याला रस्त्याकडेच्या लाल झुडपाची आठवण झाली.

त्यानंतर झालेले संशोधन चिवट आणि कष्टाचे होते, आजच्या भाषेत सांगायचे तर अजिबात ‘आकर्षक’ नव्हते. वेगवेगळ्या राज्यांतून, वेगवेगळ्या मातींतून, वेगवेगळ्या महिन्यांत सुमाकचे नमुने गोळा करायचे, पाने आणि देठ वेगळे करायचे, वाळवायचे, तोलायचे, टॅनिन मोजायचे. १९४९ मध्ये कृषी खात्याने याची एक तांत्रिक पुस्तिका काढली. पानांत टॅनिन भरपूर आहे, देठांत फारच कमी. त्यामुळे सारी गोम पाने वेगळी करण्यात आहे. जातीजातींत फरक आहे. एकाच जातीत जागेनुसारही फरक आहे. या कामामागे एक दुहेरी कल्पना होती. धुपून गेलेल्या, मका-तंबाखूने पिळून काढलेल्या उतारांवर सुमाक मुळांच्या जाळ्याने माती धरील आणि वर शेतकऱ्याला दरवर्षी पानांचे उत्पन्न देईल. माती वाचवण्यासाठी लावलेल्या झुडपानेच घर चालवायचे, इतका साधा विचार.

त्याच वर्षांत त्याच सरकारचे मृद्संधारण खाते काय करीत होते, हे पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. आशियातून आलेली कुडझू नावाची वेल धूप थांबवते म्हणून दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना तिची सुमारे साडेआठ कोटी रोपे वाटण्यात आली, लावणाऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत पैसेही देण्यात आले. वेल झपाट्याने वाढली. इतकी, की झाडे, विजेचे खांब, ओस पडलेली घरे तिच्याखाली गुडूप झाली. १९५३ मध्ये सरकारने तिला शिफारशीच्या यादीतून काढले आणि पुढे तण ठरवले. ज्याला अभ्यास करायला दहा-पंधरा वर्षे लागली त्या देशी झुडपाच्या वाट्याला एक पुस्तिका आली. ज्याचा अभ्यास कुणी धड केलाच नाही त्या परक्या वेलीच्या वाट्याला कोट्यवधी रोपांची मोहीम. युद्ध संपले, केब्राचो पुन्हा स्वस्तात येऊ लागला, क्रोमने कातडे कमावणे सर्रास झाले, आणि सुमाकच्या शेतीची कल्पना कपाटात गेली.

इथपर्यंतची कहाणी देशी झुडपाच्या भक्तांना आवडेल. ‘पाहा, देशी ते उत्तम, परके ते वाईट’ असे सूत्र तिच्यातून सहज काढता येते. पण कहाणीचा पुढचा भाग कॅन्ससमध्ये घडतो आणि तिथे हे सूत्र मोडून पडते.

कॅन्ससच्या पूर्वेला फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा पट्टा आहे. माती उथळ, खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगर चालला नाही म्हणून उंच गवताचा माळ तिथे शिल्लक राहिला. एकेकाळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या या गवताळ प्रदेशाचा आज जेमतेम चार टक्के भाग उरला आहे आणि त्यातला बराचसा इथेच आहे. मॅनहॅटन या गावाजवळच्या कोन्झा प्रेअरीवर कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा, पण कमालीचा हट्टी प्रयोग सुरू केला. लॉइड हल्बर्ट हे त्यामागचे प्रमुख नाव. सुमारे साडेतीन हजार हेक्टरच्या माळाचे पाणलोटांनुसार तुकडे पाडले. काही तुकडे दरवर्षी जाळायचे, काही दर दोन वर्षांनी, काही चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी. काहींवर पुढे गवे सोडले, काहींवर गाई, काही मोकळे ठेवले. आणि मग मोजत राहायचे. हल्बर्ट १९८६ मध्ये वारले. प्रयोग अजून चालू आहे.

या मोजणीतून जे दिसले ते असे. जिथे आग वारंवार लागते तिथे गवत राहते. दोन आगींमधले अंतर साधारण तीन वर्षांपेक्षा वाढले, की झुडपे पसरू लागतात. त्यांत दोन आघाडीवर: एक डॉगवूड, दुसरे गुळगुळीत फांद्यांचे देशी सुमाक. म्हणजे चार वर्षांनी जाळलेला तुकडा, जो वरवर पाहता नेमाने जाळला जात आहे असे वाटते, तोही हळूहळू झुडपी रान होतो.

कारण सुमाकच्या वाढण्याच्या पद्धतीत आहे. वर दिसणारी पन्नास खोडे बहुधा एकाच झाडाची असतात. जमिनीखालच्या मुळांतून नवे कोंब फुटत जातात आणि एक झुडूप गोलाकार पसरत जाते. मुळे गवताच्या मुळांपेक्षा खोल जातात; वरच्या थरातले पाणी गवत पिते, खालचे सुमाक. त्यामुळे दुष्काळात गवत वाळते तेव्हाही झुडूप हिरवे असते. या गोल बेटाच्या दाट सावलीत गवत जगत नाही. गवत नाही म्हणजे जळायला इंधन नाही. मग आग आली तरी ती बेटाच्या कडेशी येऊन विझते, आतली खोडे वाचतात. वरची जळली तरी मुळांतून नवी फुटतात. बियांचे कवच इतके कडक असते, की त्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. रोपवाटिकेत त्या रुजवायला आम्लात बुडवाव्या लागतात किंवा उकळते पाणी ओतावे लागते, रानात ते काम आगीची धग करते. आगीने मारायचे म्हणावे तर आगच त्याला जागे करते.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष यापुढचा आहे. बेटे एकदा मोठी झाली, की चूक लक्षात येऊन पुन्हा दरवर्षी जाळायला सुरुवात केली तरी माळ सहजासहजी परत येत नाही. जाण्याची वाट आणि परतीची वाट एक नसते. हे दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पात कधीच कळले नसते. तीन वर्षांनंतर ‘झुडपांत लक्षणीय बदल नाही’ असा अहवाल देऊन सगळे घरी गेले असते. झुडूप मुळांनी पसरते त्या वेगाने पाहणारा प्रयोग हवा होता. तो होता, म्हणून कळले.

आता फ्लिंट हिल्सचा पशुपालक दर वसंतात माळ जाळतो. त्याने गवत कोवळे येते, जनावरांचे वजन वाढते, झुडपे काबूत राहतात. पण त्याचा धूर कॅन्सस सिटी, विचिटा, कधी लिंकनपर्यंत जातो. हवेतले सूक्ष्म कण आणि ओझोन वाढतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. म्हणून २०१० मध्ये कॅन्ससने धूर-व्यवस्थापनाचा आराखडा केला: वाऱ्याची दिशा आणि हवेचा अंदाज पाहून कोणत्या दिवशी जाळावे आणि कोणत्या दिवशी जाळू नये याचा सल्ला शेतकऱ्यांना मिळू लागला. काही शहरी पर्यावरणप्रेमींना आग बंदच व्हावी असे वाटते. ते ऐकले तर फुप्फुसे काही काळ निश्चिंत होतील, आणि देशातल्या उंच गवताच्या माळाचा शेवटचा मोठा तुकडा सुमाक आणि डॉगवूडखाली जाईल. तिथे कोणताही पर्याय फुकट मिळत नाही, आणि निदान तिथले लोक तसे उघडपणे बोलतात.

तेव्हा सुमाक वाईट का? व्हर्जिनियाच्या धुपलेल्या उतारावर ते माती धरते. कडाक्याच्या थंडीत, इतर फळे संपल्यावर, त्याचे तांबडे झुबके फांद्यांवर तसेच असतात. त्यात चरबी कमी, चव तुरट, म्हणून पक्षी आधी त्यांच्याकडे वळत नाहीत, पण फेब्रुवारी-मार्चच्या बर्फात ब्लूबर्ड, रॉबिन आणि रानकोंबड्यांना तेच तारते. त्याच्या मोडक्या, वाळलेल्या फांद्यांत मऊ गाभा असतो. त्यात एक छोटी सुतारमाशी घर करते. कीटकशास्त्रज्ञ सँड्रा रेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की या माशीची आई पहिल्या मुलीला मुद्दाम कमी खाऊ देऊन लहानखुरी ठेवते. मग ही थोरली बुटकी मुलगी धाकट्या भावंडांना भरवण्यात राबते आणि स्वतः हिवाळा पाहण्याआधी मरते. मराठी घरांतल्या कित्येक थोरल्या मुलींना हे ऐकून नवल वाटणार नाही. या माश्या फळबागा आणि भाजीपाल्याच्या परागीभवनाला हातभार लावतात. बाग ‘स्वच्छ’ करणारा माणूस वाळक्या फांद्या मुळापासून कापून जाळतो, तेव्हा आत काय होते याचा त्याला पत्ताही नसतो.

पानांवर आणखी एक बिऱ्हाड असते. एक मावा सुमाकच्या पानात टोचून गाठ फुगवतो, तिच्या पोटात पिढ्या काढतो, आणि हिवाळ्यात ओल्या जागेवरच्या मखमली मॉसवर जातो. पुन्हा वसंतात सुमाकवर. अगदी असेच दोन घरांचे आयुष्य जगणारे त्याचे नातलग पूर्व आशियातल्या सुमाकवर आहेत. हे नाते किती जुने? नॅन्सी मोरान यांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले, की आशिया आणि अमेरिका बेरिंगच्या भूपुलाने जोडलेल्या होत्या त्या काळाइतके, म्हणजे सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांचे. चीनमध्ये या गाठींची रीतसर शेती होते. सुमाकसोबत मॉसही वाढवावे लागते, नाहीतर मावा हिवाळा काढत नाही. गाठींपासून टॅनिक आम्ल मिळते. आपल्या वैद्यांची काकडशिंगीही अशाच कीटकाने केलेल्या गाठींची असते. जुन्या पुस्तकांनी ती सुमाकच्या एका जातीच्या नावे मांडली होती, प्रत्यक्षात ती पिस्त्याच्या एका रानटी भावंडावर होते. च्यवनप्राशच्या डब्यावरच्या यादीत ती सापडेल.

टॅनिकची आठवण निघालीच आहे तर औषधी दाव्यांबद्दल दोन शब्द. १९२५ पासून भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर टॅनिक आम्ल लावण्याची मोठी लाट आली होती आणि १९४०च्या दशकात यकृताला इजा होते म्हणून ती ओसरली. आज सुमाकच्या पुडीने साखर उतरते, कोलेस्टेरॉल घटते असे सांगणाऱ्या चित्रफिती फिरतात. त्यामागे असलेल्या चाचण्या बहुतेक छोट्या आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. कोशिंबिरीवर ती घालावी, छान लागते. मधुमेहाची गोळी बंद करून घालू नये. काजूची किंवा पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, कुळ एकच असल्याने, आधी डॉक्टरांना विचारावे.

आता तिसरा देश. उत्तर अमेरिकेचे मखमली फांद्यांचे सुमाक १९५९ मध्ये चीनच्या वनस्पतिशास्त्र संस्थेने आणले. उजाड डोंगर हिरवे करायचे होते. झुडूप काटक, रंग देखणा, पाणी नको, लावले की पसरते. बीजिंगच्या आसपासच्या डोंगरांवर ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. आज चिनी शास्त्रज्ञांना चिंता आहे ती त्याच्या आक्रमणाची: ते लागवडीबाहेर पसरते, स्थानिक वनस्पतींना हुसकते. व्हर्जिनियाच्या उतारावर ज्या गुणांसाठी सुमाकला शाबासकी मिळाली असती, नेमके तेच गुण बीजिंगमध्ये दोष ठरले आणि कॅन्ससमध्येही.

म्हणूनच ‘देशी लावा’ हा आपल्याकडे सध्या लोकप्रिय असलेला मंत्र अपुरा आहे. विदेशी झाडांचा अनुभव महाराष्ट्राने पुरेसा घेतला. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावले, जमीन हिरवी दिसली, पण मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या त्या झाडाच्या सावलीत इथले फारसे काही उभे राहिले नाही. सुबाभूळ, वेडी बाभूळ, कोकणातला ऑस्ट्रेलियन बाभळीचा पसारा, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने कुडझूचीच. ती चूक आता कळली आहे आणि वृक्षलागवडीच्या याद्यांत वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बेहडा आले आहेत. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेतही देशी झाडांचा गजर झाला. पण वड देशी असला तरी तो माळावर देशी नाही. सोलापूर, नगर, सासवड, बारामती, सांगोल्याच्या बाजूचा माळ म्हणजे कुणीतरी तोडून टाकलेले जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ माती, चराई, अधूनमधून आग आणि शेकडो वर्षांचे धनगरांचे येणे-जाणे यांनी घडवलेली ती स्वतंत्र जीवसृष्टी आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोककथांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून हेच दाखवले: तेराव्या शतकापासूनचे मराठी शब्द इथे काटेरी झुडपे, गवते आणि विरळ झाडे पाहतात, घनदाट अरण्य नव्हे. माळढोक, तणमोर, लांडगा, चिंकारा यांचे घर ते. महसुली कागदावर मात्र ते ‘पडीक’, आणि पडीक म्हटले की खड्डे खणायला मोकळी जागा.

या माळांवर सुमाकची एक देशी जातही आहे. दख्खनच्या कोरड्या झुडपी रानात वाढणारी, काटेरी, तीन पानांच्या टिकल्या असलेली, पाने चुरडली की वास येणारी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत तिच्या नावात म्हैसूर आहे. शेळ्या राखणाऱ्या मुलाला ती माहीत असते. वृक्षलागवडीच्या यादीत ती नाही, कारण ती ‘वृक्ष’ नाही, आणि छायाचित्रात दिसत नाही. धुपलेल्या, दगडी उतारावर तिच्यासारखी झुडपे कडुनिंबाच्या टँकरने जगवलेल्या रोपापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतात. आणि गवत शाबूत असलेल्या माळावर तीही न लावणेच शहाणपणाचे ठरू शकते. हे ‘शकते’ काढून टाकायला मोजमाप लागेल.

कोन्झाचा निकाल इथे जसाच्या तसा उचलणेही चुकीचे होईल, हेही सांगायला हवे. तिथे वर्षाला सुमारे ८३५ मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या माळांवर त्याहून बराच कमी आणि तोही चार महिन्यांत. तिथे थंडीत जमीन गोठते, इथे उन्हाळ्यात भाजते. तिथल्या तीन वर्षांच्या आकड्यावरून इथे कुणी काडी ओढायला निघाला तर तो वणवाच लावील, आणि धूर सासवडच्या, बारामतीच्या पोरांच्या छातीत जाईल. तरीही सगळी आग गुन्हा आणि सगळी चराई अतिक्रमण, ही वनखात्याची जुनी सवय तपासून पाहण्याजोगी आहे. तपासायची म्हणजे माळाचे काही तुकडे ठरवून राखायचे. एकावर चराई, एकावर नाही. एकावर थंडीत नियंत्रित आग, एकावर नाही. एकावर देशी झुडपांची लागवड, एकावर काहीच नाही. आणि दरवर्षी त्याच जागी जाऊन तीच गवते, तीच झुडपे, तेच पक्षी, तीच माती मोजायची. याला मोठा खर्च लागत नाही. एका मोहिमेच्या उद्घाटनाच्या मांडवाएवढाही नाही.

लागतो तो वेळ, आणि निधी देणाऱ्याची वीस-तीस वर्षे वाट पाहण्याची तयारी. आपल्याकडे संशोधन प्रकल्प तीन वर्षांचा, अधिकाऱ्याची बदली त्याआधी, आणि रोप किती लावले हे मोजले जाते. दहा वर्षांनी त्या जागी काय उभे आहे हे नाही. राहुरी, परभणी, अकोला, दापोली ही चार कृषी विद्यापीठे राज्याच्या चार वेगवेगळ्या हवामानांत बसलेली आहेत. प्रत्येकाकडे जमीन आहे, विद्यार्थी आहेत, आणि आजूबाजूला माळ किंवा टेकडी आहे. त्यांनी असे तुकडे आखले, तर ती पहिली नोंद पुढच्या पावसाळ्यातही घेता येईल. आणि तोवर ज्या माळावर गवत उभे आहे, तिथे तरी कुणी खड्डा खणू नये.